तीन रोजे आणि एक पेढा

तिसगाव, शनिवार

जनाब मामूजान,

अस्सलामु अलैकुम. बाद सलाम मालूम व्हावे की इथे घरातली सगळी माणसं उभी आहेत, चालती आहेत आणि दोन वेळा जेवत आहेत. याला खुशाली म्हणायचं असेल तर खुशाली आहे. तुमची तब्येत कशी आहे? (हा प्रश्न नुसता रिवाज म्हणून विचारलेला नाही. पत्र शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.) चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही अजून पहाटे सायकलवर फजरच्या नमाजला जाता, चष्म्याशिवाय पेपर वाचता आणि मुमानींच्या हातचा शिरकुर्मा दोन वाट्या पचवता, हे कानावर आलं की पूर्वी मला आनंद व्हायचा. या आठवड्यात जरा अडचण वाटते आहे.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण उर्दू तुम्हालाही बोलण्यापुरतीच येते आणि मलाही. दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. फोन करावा तर तुम्ही मोबाईल ठेवत नाही (त्यात सगळा शैतान भरलेला असतो, असं तुमचं म्हणणं, मी ते हसण्यावारी नेत होतो, माफ करा). उद्या सकाळी बांगड्यांचा टेम्पो श्रीरामपूरला येतो आहे, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतो. वाचून झाल्यावर चुलीत घाला. मुमानींना वाचून दाखवायला हरकत नाही, त्यांचंही काम पडणार आहे.

तर मामू, मागच्या रविवारी सामना झाला. कोणता ते सांगायला नको. आपण वर्षभर वीस देशांशी खेळतो, पण ज्या सामन्याच्या दिवशी लोक माझ्याकडे बघून मग टीव्हीकडे बघतात, तो सामना एकच. तुम्हाला ठाऊक आहे, मी गेली तीस वर्षं सगळे सामने सोपानच्या कृषी सेवा केंद्रात बघतो. सोपान म्हणजे माझ्या वर्गातला, शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवणारा आणि आता अर्ध्या तालुक्याला कोणतं खत टाकायचं ते सांगणारा. युरियाच्या थप्पीवर माझी बैठक ठरलेली. त्या थप्पीवर बसून मी दोन विश्वचषक बघितले आणि एक मूळव्याध मिळवली. तिथे तीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. अलीकडे ओंकार विचारतो. ओंकार म्हणजे समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला, वय तीस, स्वभावाने वाईट नाही असं मी परवापर्यंत म्हणत होतो. सामना सुरू झाला की हसत हसत म्हणतो, "चाचा, आज कुनीकडून?" सगळे हसतात. मीही हसतो. हसलो नाही तर ते उत्तर होतं, म्हणून हसतो.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला मनावर घ्यायचं. मामू, तुमच्या काळी खेळ बघायला चारित्र्य लागत नव्हतं, खेळायला लागायचं. रेल्वेच्या मैदानावरची ती गोष्ट तुम्ही मला शंभरदा सांगितली आहे आणि मी तिसगावात हजारदा. चेंडू तुमच्या बॅटीला लागून मागे झेलला गेला, अंपायरने नाबाद दिलं, आणि तुम्ही बॅट काखेत मारून चालू लागलात. संघ चार धावांनी हरला. महिनाभर तुमच्याशी कुणी बोललं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की अंपायरने बघितलं नाही हे खरं, पण बघणारा काय तो एकटाच असतो का. आणि त्याच मैदानावर असरच्या नमाजच्या वेळी तुम्ही सीमारेषेजवळ रुमाल अंथरला की समोरचा संघ शेंगा फोडत बसायचा, नमाज संपून तुमचा सलाम फिरला की खेळ पुढे सुरू. कुणी त्याचं कौतुक केलं नाही, कुणी तक्रार केली नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी शूटिंग केलं नाही.

आता बघणाऱ्यांची परीक्षा असते. ज्या खेळाडूच्या फोटोला सकाळी हार घातला त्याच्या आईचा संध्याकाळी उद्धार करायचा, याला प्रेम म्हणतात. झेल सुटला की आधी झेल कुणी सोडला ते बघतात, मग त्याचं नाव बघतात आणि मग किती शिव्या द्यायच्या ते ठरतं. आपल्याकडचेही काही कमी नाहीत. मशिदीच्या ओट्यावर एक मंडळी आहे, क्रिकेट बघणं गुनाह आहे असं ती सांगते आणि हातपाय धुवायला वजूला बसली की दर ओव्हरला स्कोअर विचारते. माझं म्हणाल तर हरल्यावर इतरांना दुःख होतं, मला ते दाखवावं लागतं. आणि खरोखर झालेलं दुःख दाखवायला गेलं की ते हमखास खोटं दिसतं. जिंकल्यावर इतर लोक नाचतात, माझी उडी मोजली जाते. बावन्नाव्या वर्षी, गुडघ्यात वात असताना, मी मागच्या वेळी जी उडी मारली ती निम्मी आनंदाची होती आणि निम्मी ओंकारसाठी होती. त्या निम्म्या उडीची मला अजून शरम वाटते.

रविवारी शेवटच्या ओव्हरमध्ये चौदा धावा हव्या होत्या. मी मनातल्या मनात मन्नत मागितली, या अल्लाह, आपले जिंकू दे, मी तीन रोजे ठेवीन. (खेळासाठी मन्नत मागणं बरोबर नाही, हे मला कळतं. तुम्ही रागावणार हेही कळतं. पण चौदा हव्या होत्या, मामू.) आणि मनातलं सगळंच लिहितो, कारण तुमच्यापासून काही लपत नाही. ती मन्नत मी देशासाठी मागितली की सोमवारी सकाळी चौकातून सरळ मान करून जाता यावं म्हणून मागितली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. जिंकलो. शेवटच्या चेंडूवर चौकार गेला. सोपानने मला युरियाच्या थप्पीसकट मिठी मारली आणि गुलाल माझ्या दाढीत असा बसला की संध्याकाळी मगरिबच्या नमाजला माझ्या शेजारचा माणूस दोन बोटं सरकून उभा राहिला.

सोमवारी पहिला रोजा ठेवला. आता तुम्हीच मला लहानपणी शिकवलेलं आठवा. रमजानचा रोजा साऱ्या जगाला दिसतो, त्याला इलाज नाही. पण त्याशिवायचा रोजा हा तुझा आणि अल्लाहचा, तो चारचौघांत मिरवलास की त्यातलं सगळं गेलं, मागे नुसती भूक उरली. हे मी इतकं पक्कं धरलं की घरात सोडून कुणाला सांगितलं नाही. सकाळी चहाच्या टपरीवर सोपानने नेहमीसारखा अर्धा कप पुढे केला. पोट बिघडलंय म्हटलं. मंगळवारी पुन्हा चहा आला, पुन्हा पोट बिघडलं. ओंकार टपरीवरच होता. म्हणाला, "चाचा, जिंकल्यापासून तुमी चहा सोडला की. सुतक हाय का काय?" सगळे हसले. मीही हसलो, पण ओठ इतके कोरडे होते की ते हसणं वाटलं नसावं. सोपान हसला नाही. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालंय रे. मी त्याला एक कारण सांगितलं. (कोणतं कारण ते पत्राच्या शेवटी येईल. तुम्ही निजून वाचत असाल तर तिथे उठून बसा. बसून वाचत असाल तर निजा.)

आता तुम्ही म्हणाल, सरळ खरं का नाही सांगितलं? सांगता आलं असतं. आपण जिंकलो म्हणून शुक्राना आहे, तीन रोजे आहेत, घ्या. ओंकारने तर त्याचाही व्हिडिओ काढला असता आणि मी दोन दिवस गावाचा लाडका झालो असतो. पण मामू, जी मन्नत पुरावा म्हणून चौकात दाखवायची ती अल्लाहशी केलेली राहत नाही, ती ओंकारशी केलेली होते. उडी त्याला दिली, हसणं त्याला दिलं, रोजासुद्धा त्यालाच द्यायचा? तेवढी एक गोष्ट मला माझ्याजवळ ठेवायची होती.

बुधवारी पेढे वाटले. विजय रविवारी झाला, पण पेढे वाटायला पुढारी लागतो आणि पुढाऱ्याला बुधवार मोकळा होता. सोपानच्या दुकानापुढे मंडप घातला, डीजे आला, पुढारी आला, बोलला आणि गेला. पेढ्यांचं ताट सोपानच्या हातात होतं. लोकांना वाटत वाटत तो माझ्यापुढे आला. त्याने पेढा उचलला, माझ्या तोंडाजवळ आणला आणि माझा हात आपोआप वर आला, नको म्हणायला. शेजारी ओंकारचा मोबाईल वर झालाच होता. सोपानने एकदा मोबाईलकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मामू, तीस वर्षांत त्याने मला किती पेढे चारले असतील, त्याच्या दोन्ही मुलांच्या बारशाचे, दुकानाच्या मुहूर्ताचे, माझ्या लेकीच्या दहावीचे तर त्यानेच आणले होते. पण पेढा देऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिला असं कधी झालं नव्हतं. त्याच्या डोळ्यात मला राग दिसला नाही. एक प्रश्न दिसला. तो एक क्षणभर असेल, पण मला तो पुरेसा झाला. ओंकार शंभर वेळा विचारू दे. सोपानने न बोलता एकदा विचारलं आणि माझ्या आतलं काहीतरी निसटलं.

मी पेढा खाल्ला. दुपारचे बारा वाजायचे होते, तिसरा रोजा, मन्नतीचा. अख्खा खाल्ला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात एवढा कडू पेढा मी खाल्लेला नाही, आणि दूध चांगलं होतं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पाथर्डीपर्यंत पोचला. एकूण अकरा सेकंदांचा आहे. त्यात सोपानचा हात पुढे येतो, माझा हात वर येतो, आणि मी नको म्हणतो आहे इथे तो संपतो. खाल्ल्याचं त्यात नाहीच. ओंकारचं म्हणणं, मोबाईलची मेमरी भरली. (त्याच्या दुकानावर पाटी आहे, "मेमरी वाढवून मिळेल".) म्हणजे रोजाही गेला आणि खाल्लेलंही मंडपाबाहेर कुणाला दिसलं नाही. खाली लोकांनी जे लिहिलं आहे ते मी तुम्हाला लिहिणार नाही. गुरुवारी सकाळी एक मेसेज मात्र वेगळा आला, ओळखदेख नसलेल्या कुठल्यातरी लांबच्या माणसाचा. शाबास भाईजान, त्यांच्या विजयाचा पेढा नाकारून ईमान दाखवलंत. मामू, शिव्यांनी लागलं नव्हतं तेवढं त्या शाबासकीने लागलं. त्यांच्या विजयाचा! तो विजय मी माझा समजून दोन दिवस उपाशी काढले होते. दोन्हीकडच्यांनी मिळून मला एकाच बाजूला उभं केलं आणि त्या बाजूला मी कधी नव्हतोच.

गुरुवारी दुपारी गीताबाई माझ्या बांगड्यांच्या दुकानात आल्या. सोपानची बायको. त्यांच्या लग्नातला चुडा मी भरला आहे, तेव्हापासून दुसऱ्याच्या हातून त्यांनी बांगडी भरली नाही. हात पुढे करून बसल्या आणि मी बांगडी चढवायला लागलो तशा हळूच म्हणाल्या, "भाऊजी, काल उपास हुता ना तुमाला?" मी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मला दिसलं. चतुर्थीला माझं बी तसंच हुतं, कुनी काय पुढं केलं की आधी हात वर जातो. व्हट वाळले हुते तुमचे." मी म्हटलं, आमच्यात असा उपास सांगत नाहीत. तर म्हणाल्या, "आमच्यात समद्या आळीला सांगत्यात." आणि हसल्या. माझ्या हातात बांगडी फुटली. पस्तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या मनगटावर माझ्या हातून बांगडी फुटली नव्हती. मला रडू आलं, मामू. त्या बाईंनी बांगडीची काच टिपून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांना सांगू का?" मी नको म्हणालो. का नको, ते शेवटी येतंच आहे.

आता खरी गोष्ट ऐका. पुढच्या शुक्रवारपासून बाजारतळावर आमच्या टेनिस बॉल स्पर्धा आहेत. बावीस वर्षं माइक माझ्याकडे आहे. चेंडू सोसायटीच्या पत्र्यावर पडला की लोक पत्र्याचा आवाज ऐकत नाहीत, माझा ऐकतात. घरी मी फार बोलत नाही, दुकानात बायकांशी मान खाली घालून बोलायचं. मोठ्याने, मनापासून आणि कुणाला न विचारता बोलायची जगात मला ती एकच जागा आहे. फ्लेक्सवर माझं नाव छापून आलं होतं, समालोचक इसाकभाई मन्यार, तिसगाव. काल संध्याकाळी कमिटी बसली. उगाच वाद नको, यंदा इसाकभाईंनी आराम करावा, असं सगळ्यांनी फार प्रेमाने सांगितलं. माइक ओंकारकडे द्यायचं चाललं होतं. तेव्हा सोपान उभा राहिला. म्हणाला, "इसाक खोटं बोलत न्हाई. स्कोर लिवताना माझ्या सख्ख्या भावाची अर्धवट पळालेली धाव कापली हुती त्यानं, आमी मॅच हारलो हुतो. त्याच्या घरची अडचन हाय म्हनून त्याच्या घशाखाली गोड उतरना. मला त्यानं सोता सांगितलंय. माझा शब्द हाय." मामू, ज्याच्या डोळ्यात मला बुधवारी प्रश्न दिसला होता, त्याने शुक्रवारी सगळ्यांपुढे माझ्यासाठी शब्द टाकला. माइक माझ्याकडेच राहिला. मी मागे उभा होतो. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं, आणि ते आनंदाने नव्हे.

असो. मुमानींना आदाब, मुलांना दुआ. ईदला येतोच आहे, जर तोंड दाखवण्यासारखं उरलं तर.

आपला नालायक भाचा,
इसाक

ता. क. धर्मातला एक मसला विचारायचा राहिला. मन्नतीचा रोजा पेढ्याने मोडला, तो पुन्हा ठेवायचा की आणखी काही भरपाई आहे? आणि रोजाच्या पोटी खोटं बोललं तर तो रोजा धरतात का? तसं असेल तर मंगळवारचाही गेला, म्हणजे तीनातला सोमवारचा एकच उरला, आणि त्या दिवशीही पोट बिघडलेलं नव्हतं.

ता. क. दुसरा. सोपानला मंगळवारी जे कारण सांगितलं ते असं : श्रीरामपूरचे माझे मामू दवाखान्यात आहेत, साखर चारशेवर गेली आहे, माझा जीव थाऱ्यावर नाही, चहा की गोड काही गळ्याखाली उतरत नाही. का तुमचंच नाव तोंडात आलं? कारण त्या वेळी रोजा लपवायचा म्हणून मी तुमचंच शिकवलेलं आठवत होतो. वर चारित्र्याबद्दल जे जे लिहिलं आहे ते सगळं खरं आहे, फक्त ते तुमचं आहे, माझं नाही. कमिटीने ठरवलं आहे की सोमवारी तुम्हाला भेटून यायचं. सोपान, गीताबाई आणि ओंकार, सोपानच्या पिकअपमधून. मी त्यांना सांगितलं आहे की तुम्हाला आता घरी सोडलं आहे. तेव्हा कृपा करून दोन दिवस दाढी विंचरू नका, सायकल शेजाऱ्यांकडे लावा आणि पिकअपचा आवाज आला की खाटेवर पडा. मुमानींनी जरा हळू आवाजात बोलावं, जमलं तर. गीताबाईंच्या नजरेला नजर देऊ नका, त्यांना सगळं कळतं. अंपायरने बघितलं नाही तरी चालू लागणाऱ्या माणसाला मी खाटेवर पडायला सांगतो आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही मला मारा, पण सोमवारनंतर.

ता. क. तिसरा, आणि हा महत्त्वाचा. सोपान तुमच्यासाठी सफरचंदं घेतो आहे. ओंकारने मात्र अर्धा किलो पेढे घेतले आहेत, विजयाचा प्रसाद म्हणून, आणि मोबाईल चार्ज करून ठेवला आहे. पेढा पुढे आला की तुम्ही अडचणीत येणार. खाल्लात तर साखर खोटी, मी खोटारडा, सोपानचा शब्द खाली पडला आणि माझा माइक गेला. नाही खाल्लात तर साखर बिखर कुणी बघणार नाही, फक्त आपल्या घरातला आणखी एक हात वर गेलेला दिसेल. मी कालपासून विचार करतो आहे. मामू, खा. माइक जाऊ द्या. सोपानपुढे मी खोटारडा ठरलो तर तो मी एकटा ठरेन, त्याला नंतर घरी जाऊन सगळं खरं सांगेन, त्याने मारलं तर मार खाईन. पण तुम्ही पेढा खा, लगेच खा, आणि पूर्ण गिळून होईपर्यंत ओंकारकडे बघत राहा. त्याची मेमरी लवकर भरते.